बाईंचा राजीनामा

हॅगडाउन बेटावर वीस घरं होती, एक चर्च होतं आणि एका खोलीची शाळा होती. त्या शाळेत एल्फ्रीडा पिंसंट एकोणीस वर्षं एकटीच शिकवत होती. आली तेव्हा बावीस वर्षांची होती. सेंट जॉन्सला एका उन्हाळ्याचं प्रशिक्षण झालेलं, पेटीत सहा पुस्तकं. दोनेक वर्षांत लग्न करून ही कुठल्यातरी मोठ्या गावी निघून जाणार, असं सगळे धरून चालले होते. लग्न झालं नाही आणि ती गेलीही नाही. ट्रायफीना हाइन्स नावाच्या विधवेच्या घरात, माडीवरच्या खोलीत ती राहायची. न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर असली बेटं पुष्कळ, आणि बहुतेक ठिकाणी मास्तर पहिला हिवाळा काढून पळायचा. "आमच्या बाई टिकल्या," असं हॅगडाउनचे लोक दुसऱ्या बेटांवर जाऊन ऐटीत सांगत.

बेटावर लिहिता येणारे थोडे, आणि जे लिहीत त्यांनाही सरकारला काय लिहायचं ते सुचत नसे. त्यामुळे धक्क्याच्या दुरुस्तीचा अर्ज, म्हाताऱ्यांच्या पेन्शनची चौकशी, हॅलिफॅक्सला गेलेल्या मुलाला आईचं पत्र, सगळं एल्फ्रीडाच्या हातचं असायचं. तिचं अक्षर मोठं गोल होतं. "बाईंनी लिहिलं की ते खरं वाटतं," असं लोक म्हणायचे.

सन १९६६च्या ऑक्टोबरात सरकारी बोटीतून एक तरुण अधिकारी आला. सभेला जागा एकच, शाळा. बायका मुलांच्या बाकांवर अंग चोरून बसल्या, पुरुष भिंतीला टेकून उभे राहिले. अधिकाऱ्याने सांगितलं की असल्या विखुरलेल्या बेटांना शाळा, डॉक्टर, वीज पुरवणं सरकारला आता झेपत नाही. लोकांनी पोर्ट लेनार्डला राहायला जावं. तिथे मासळीचा कारखाना आहे, दवाखाना आहे, आठ खोल्यांची शाळा आहे. घर हलवायला सरकार पैसे देईल. अट एकच, वीसपैकी अठरा घरांनी कागदावर सही केली पाहिजे.

"तुम्हाला कोणी हाकलत नाहीये," तो म्हणाला.

"छे छे," मागून गार्लंड डर्नफोर्ड म्हणाला. "शेळीला पुढून पाला दाखवला, तर त्याला हाकलणं कोण म्हणेल?"

लोक हसले. अधिकारीही हसला, पण त्याने कागद काढून टेबलावर ठेवला. एल्फ्रीडाकडे सही मागितली नाही. तिच्या नावावर घर नव्हतं.

नाताळापर्यंत सतरा सह्या झाल्या. राहिले तिघे. ट्रायफीना, गार्लंड आणि गार्लंडचा धाकटा भाऊ एझ्रा. एझ्राचं काय, थोरला करेल ते तो करणार. म्हणजे खरी गाठ गार्लंडशीच होती. एकाने सही केली की पुरे, आणि तो एक करत नव्हता. मग बेटाला कधी नव्हे ते विष चढलं. ज्या घरांत कुलूप कधी माहीत नव्हतं, तिथे लोक दार लोटून बसू लागले. एका सकाळी गार्लंडचा मासे वाळवायचा मांडव आडवा झालेला दिसला. वारा होता खरा, पण बाकी एकही मांडव पडला नव्हता. चर्चमध्ये ट्रायफीनाच्या बाकावर तिच्याशेजारी एल्फ्रीडाखेरीज कोणी बसेना.

गार्लंड सत्तरीला आला होता. अंगाने आडवा, दोन बोटं बर्फाने खाल्लेली. शाळा सुटल्यावर, मुलं गेली की तो टोपी हातात धरून शाळेत यायचा आणि शेवटच्या बाकावर बसायचा. वसंतापासून तो लिहायला शिकत होता. त्याचा मुलगा विल्सन तीन वर्षांपूर्वी होडीसकट बुडाला होता, प्रेत मिळालं नव्हतं. दफनभूमीत आईच्या शेजारी त्याच्या नावाची फळी उभी करायची होती गार्लंडला, आणि ते नाव दुसऱ्याच्या हातचं नको होतं.

"विल्सनचा डब्ल्यू सोपा," तो म्हणायचा. "दोन लाटा काढायच्या. माझंच नाव अवघड. हे बघा बाई, हा माझा जी, म्हणजे गळच. पण टोक आत वळवायला गेलं की हात दगा देतो."

"काका, पेन्सिल वल्ह्यासारखी धरू नका. ती कुठे पळून जात नाही."

"इथून सगळेच पळायला निघालेत. पेन्सिलीचा काय भरवसा?"

सहीबद्दल एल्फ्रीडा त्याच्याशी कधी बोलली नाही. मनातून तिलाही जायचं नव्हतं. पण आपल्याला का जायचं नाही, या प्रश्नाला ती हात घालत नसे.

जानेवारीतल्या एका शनिवारी ती शाळेच्या शेगडीतली राख काढत होती, तेव्हा मेल्व्हिना कीपिंग आली. बरोबर आणखी दोघी होत्या, त्या दारातच थांबल्या. मेल्व्हिना तिच्या पहिल्या वर्गातली. बत्तीस वर्षांची होती, पण पन्नाशीची दिसायची. दोन हिवाळ्यांपूर्वी तिचा सहा वर्षांचा रोलंड पोट धरून लोळत होता. दुकानातल्या वायरलेसवरून विमान मागवलं, तर धुकं. दुसऱ्या दिवशी धुकं. तिसऱ्या दिवशी विमान आलं, तेव्हा एल्फ्रीडा पोराचे डोळे मिटत होती. अपेंडिक्स फुटलं होतं. नर्स मिळावी म्हणून त्याआधी दोनदा सरकारला लिहिलेलं पत्र एल्फ्रीडाच्याच अक्षरातलं होतं.

"बाई, मी भांडायला नाही आले," मेल्व्हिना म्हणाली.

"बस ना."

"बसले की बोलता यायचं नाही. बाई, तुम्ही राजीनामा द्या."

एल्फ्रीडाच्या हातातलं फावडं तसंच राहिलं.

"गार्लंडकाकांना मी काय सांगणार? त्यांची बायको इथे पुरलीय. माझा पोरगाही इथेच पुरलाय, पण मी सही केली. ते म्हणतात, शाळा आहे तोवर गाव आहे. अन् शाळा म्हणजे तुम्ही. तुम्ही गेलात तर दुसरं कोण येणार इथे? म्हणजे बघा, आम्हाला इथे कोणी अडकवलं असेल तर ते तुम्ही."

"मी अडकवलं?"

"वाईट हेतूने नाही हो. चांगलं शिकवलंत म्हणूनच. वाईट मास्तर असता तर दहा वर्षांपूर्वीच उठलो असतो आम्ही."

दारातली एक बाई रडायला लागली. मेल्व्हिनाने मागे वळून तिला गप्प केलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमची ड्रुसिला बघा. बारा वर्षांची झाली. तुमच्याजवळची पुस्तकं तिने दोनदा वाचली. परवा ती तुमच्याकडे ते गणित घेऊन आली होती, आकड्यांच्या जागी अक्षरं असतात ते. घरी येऊन मला म्हणाली, आई, बाईंना नाही आलं. मी तिला एक थोबाडीत दिली. पण खरं काय ते सांगा. आलं होतं?"

"नाही," एल्फ्रीडा म्हणाली.

 बाहेर जाऊन मेल्व्हिनाने बर्फात अडकलेलं फाटक नीट लावलं, आणि तिघी गेल्या.

एल्फ्रीडाने ते गणित पुन्हा काढलं. शनिवारी, रविवारी, सोमवारी मुलं गेल्यावर. तिला ते सुटलं नाही. एकोणीस वर्षांत तिला कितीतरी गोष्टी येत नव्हत्या, पण त्या विचारणारं कोणी नव्हतं. आता विचारणारी समोरच्या बाकावर बसलेली असायची, आणि बाईंची पंचाईत होऊ नये म्हणून हात वर करत नव्हती. एल्फ्रीडाला ते सहन होईना. गुरुवारी तिने शिक्षण मंडळाला चार ओळींचं पत्र लिहिलं की जूनअखेर मी काम सोडते. बर्फातून वाट काढत टपालाची बोट आली, तिच्यावर ते पत्र गेलं. महिन्याभराने उत्तर आलं. राजीनामा मंजूर. हॅगडाउनसाठी दुसरा शिक्षक मिळण्याची शक्यता नाही.

ट्रायफीनाला तिने स्वयंपाकघरात सांगितलं. म्हातारी खारवलेला मासा भिजत घालत होती.

"कोणी सांगितलं लिहायला?"

"कोणी नाही. मीच लिहिलं."

"खोटं बोलायला एकोणीस वर्षांत शिकली नाहीस," ट्रायफीना म्हणाली. "माझ्या नवऱ्याची खोली तुला दिली होती मी. पोटची लेक म्हणून वागवलं. अन् तू माझ्याच घराखालचा दगड काढलास." त्या दिवसापासून ती दोन वेळचं ताट माडीच्या पायरीवर ठेवू लागली. एका टेबलावर दोघी पुन्हा कधी बसल्या नाहीत.

गार्लंड पंधरा दिवस शाळेकडे फिरकला नाही. मग मार्चच्या सुरुवातीला, दुपारी, नेहमीच्या वेळेला तो आला. काखेत तो सरकारी कागद होता. दुकानातून मागून आणला होता.

"पेन्सिल नको," तो म्हणाला. "शाईचं पेन द्या."

"काका, एकदा माझं ऐकून तरी घ्या..."

"काय ऐकू? शाळा नाही म्हणजे पोरं नाहीत. पोरं नाहीत म्हणजे मी, एझ्रा आणि ती ट्रायफीना, तिघं म्हातारी बसून एकमेकांची प्रेतं मोजणार. ते कळायला लिहिता-वाचता यावं लागत नाही."

"फुली केली तरी चालते त्यांना," ती म्हणाली. असं का म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"फुली? मग एवढे दिवस काय इथे गवत उपटत होतो?"

तो वाकला. दोन बोटं नसलेल्या हाताने कागद दाबून धरला आणि गळ काढला. टोक आत वळवलं. मग एकेक अक्षर, मध्ये मध्ये श्वास घेत. शाईचा एक थेंब पडला, तो त्याने बाहीने टिपला नाही, तसाच वाळू दिला. पुरं नाव झालं. ओळ जरा चढली होती, पण अक्षरं कोणालाही वाचता येतील अशी होती.

"बरं आलंय?" त्याने विचारलं.

"चांगलं आलंय."

"विल्सनची फळी रंगवून ठेवलीय घरात. पण आता तिथे ती वाचणार कोण?" त्याने पेनाला टोपण लावलं, ते तिच्या टेबलावर ठेवलं आणि कागद घेऊन निघून गेला. एझ्राची सही दुसऱ्या दिवशी झाली. ट्रायफीनाच्या सहीची गरजच पडली नाही.

जूनमध्ये गाव उठलं, सही न केलेल्या ट्रायफीनासकट. ज्यांची घरं मजबूत होती त्यांनी खाली पिंपं बांधून ती पाण्यात लोटली आणि बोटींनी ओढून नेली. घर तरंगत चाललेलं बघताना मुलं टाळ्या पिटत होती. कीपिंगांचं घर वाटेत कललं आणि खाडीच्या तोंडाशी बुडालं, तेव्हा टाळ्या थांबल्या. चर्चची घंटा उतरवली. शाळा जागेवरच ठेवली, तिला न्यायला कोणी तयार नव्हतं. थडगी अर्थातच राहिली.

पोर्ट लेनार्डला पोचल्यावर त्यांना गावाच्या पाठीमागे, दलदलीवर भराव टाकलेल्या जागी प्लॉट मिळाले. धक्क्यावर जागा नव्हती. तिथले लोक या नव्या वस्तीला 'तरंगे' म्हणू लागले.

एल्फ्रीडाने तिथल्या शाळेत अर्ज केला. नवे नियम होते, विद्यापीठात दोन वर्षं काढल्याशिवाय वर्ग मिळणार नव्हता. मुख्याध्यापक ऑर नावाचे होते, सभ्य, पस्तिशीचे. त्यांनी तिला मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं आणि ओले कोट वाळत घालायचं काम दिलं. तिने ते घेतलं. मुलं डोळ्यांसमोर राहतील, एवढंच तिच्या मनात होतं.

म्हणूनच पहिल्याच आठवड्यात ते तिच्या नजरेला पडलं. हॅगडाउनची अकरा मुलं एका रांगेत, सगळी आपल्याहून लहान मुलांच्या वर्गात जात होती. ड्रुसिला नऊ वर्षांच्या पोरांत बसली होती. बाक लहान होता, म्हणून तिने पाय बाहेर, वाटेत काढले होते.

एल्फ्रीडा मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली.

"चाचणी घेतली आम्ही, पिंसंटबाई," ते म्हणाले. "सगळ्यांची घेतो. मी माझ्या मनाने काही केलेलं नाही."

"मला बघू द्या."

त्यांनी ड्रुसिलाचा पेपर काढून दिला. एकेका चित्राखाली त्याचं नाव आणि उपयोग लिहायचा होता. आगगाडीचं इंजिन, लिफ्ट, रस्त्यावरचे लाल-हिरवे दिवे, शेत नांगरायचा नांगर, टेलिफोनची खोली. प्रत्येक चित्राखाली ड्रुसिलाने वळणदार, गोल अक्षरात लिहिलं होतं, 'मी हे पाहिलेलं नाही.'

"हे उत्तर चूक आहे?" एल्फ्रीडाने विचारलं.

"गुण देता येत नाहीत त्याला."

"होकायंत्रावरच्या बत्तीस दिशा तिला उलटसुलट म्हणता येतात. पाण्याचा रंग बघून खाली खडक आहे की वाळू, ते ती सांगते. तुमच्याकडची पुस्तकं तिला द्या, महिन्यात संपवेल."

"असेल. पण बाई, त्यांचं बोलणंही... वर्गात बाकीची पोरं हसतात. थोडं मागे बसून सावकाश शिकली तर त्यांचंच भलं आहे. वर्षभराने बघू."

"एका वर्षाने ती हुशार राहणार नाही," एल्फ्रीडा म्हणाली. "आपण मुलांना जशी समजतो, तशीच ती होऊन बसतात. एवढं मला येतं. बाकी काही येत नसलं तरी."

ऑर यांनी पेपर परत फाइलीत ठेवला. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्याकडे चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग होते आणि बाक कमी होते.

ती घरी मुलांना शिकवू लागली. भाड्याच्या खोलीत, शाळा सुटल्यावर. पहिल्या आठवड्यात अकराच्या अकरा आली. नाताळपर्यंत चार उरली. आयांना कारखान्यात पाळी असायची, मोठ्या मुलींना घरी धाकट्यांना सांभाळायचं असायचं. शिवाय 'तरंग्यांची शाळा' म्हणून रस्त्यात पोरं चिडवायची. मार्चमध्ये एकटी ड्रुसिला यायची, आणि ती आली की बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसायची. एके दिवशी तिने वही आणली नाही. पुढे आलीच नाही.

गार्लंड त्या हिवाळ्यात वारला. सकाळी दुसऱ्यांच्या धक्क्यावर जाऊन एका पिंपावर बसायचा, जेवायला घरी यायचा, पुन्हा जाऊन बसायचा. होडी विकली होती. एल्फ्रीडा समोर आली की टोपीला हात लावायचा, पण बोलायचा नाही. फेब्रुवारीत त्याला कफ झाला. दवाखाना चालत पाच मिनिटांवर होता. डॉक्टर रोज येऊन जात होता, औषधही चांगलं होतं. आठव्या दिवशी तो गेला. हॅगडाउनला बायकोशेजारी पुरा म्हणून त्याने एझ्राला सांगून ठेवलं होतं. पण खाडीत बर्फ होतं, बोट जाईना. पोर्ट लेनार्डच्या दफनभूमीत, कुंपणाजवळ, नव्या लोकांसाठी राखलेल्या तुकड्यात त्याला पुरलं. प्रार्थनेच्या वेळी एल्फ्रीडा ट्रायफीनाच्या बाकाशी गेली. म्हातारीने शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली.

दोन वर्षांनी शाळेने कोटांचं काम बंद केलं. एल्फ्रीडा चव्वेचाळीस वर्षांची होती. तिने एक दिवस डोक्याला रुमाल बांधला आणि कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली. मुकादमाने नाव विचारलं, हात बघितले आणि म्हणाला, "यांना काही जमायचं नाही. बघू, कीपिंगांच्या टेबलाला लावा."

लांबच लांब टेबल, वरून पाण्याचे नळ, पुढून सरकत येणारे माशांचे ढीग. रबरी एप्रन घातलेल्या बायका दोन्ही बाजूंना. एका बाजूला मेल्व्हिना, तिच्या शेजारी ड्रुसिला. मुलगी पंधराची झाली होती. शाळा सोडून तिला पाच महिने झाले होते. तिने मान वर करून बाईंकडे बघितलं, मग खाली घातली.  एवढा वेळ आपण कामावर आलो आहोत हेच एल्फ्रीडाच्या डोक्यात होतं. समोर कोण भेटेल याचा विचारच केला नव्हता.

"या बाई," मेल्व्हिना म्हणाली.

पहिल्याच तासाला एल्फ्रीडाचं बोट कापलं. ड्रुसिलाने टेबलाला वळसा घालून येऊन तिच्या हातातली सुरी काढून घेतली. "अशी नाही धरायची. अंगठा इकडे. काटा कुठे आहे ते डोळ्यांनी बघू नका, बोटाने बघा. आता एकदा करून दाखवा." एल्फ्रीडाने करून दाखवलं. "पुन्हा," ड्रुसिला म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना माया. कामातली माणसं नव्या माणसाशी बोलतात, तशी ती बोलत होती.

जेवणाच्या सुट्टीत बायका भिंतीला टेकून चहा पीत बसल्या. मेल्व्हिना एल्फ्रीडाच्या शेजारी आली. हातांचा वास घालवायला ती लिंबाची फोड चोळत होती.

"त्या शनिवारी मी तुमच्याकडे आले नसते तर?" तिने विचारलं.

एल्फ्रीडाने चहाचा कप खाली ठेवला. "रोलंडचं जे झालं ते दुसऱ्या कोणाचं झालं असतं," ती म्हणाली. "इथे या दोन वर्षांत तसं एकही पोर गेलं नाही. ते खरं आहे."

"मग बरं केलं?"

"मला माहीत नाही गं."

"तुम्हाला माहीत नसलं तर कोणाला असणार?" मेल्व्हिनाचा आवाज एकदम चढला. बायका वळून बघायला लागल्या. "सगळ्या गावाचं तुम्हाला माहीत असायचं. मी अडाणी बाई, पोर गेलेली. मी काय वाटेल ते मागेन! तुम्ही नाही म्हणायचं होतंत!"

"हो," एल्फ्रीडा म्हणाली.

मेल्व्हिनाने लिंबाची फोड जमिनीवर टाकली, मग तीच उचलून खिशात घातली. भोंगा झाला. सगळ्या जणी उठल्या आणि एप्रनचे बंद आवळत टेबलाशी गेल्या. मासे यायला लागले.

एल्फ्रीडा त्या टेबलावर नऊ वर्षं होती. ड्रुसिला दोनच वर्षं राहिली. सतराव्या वर्षी ती टोरोंटोला एका हॉटेलात खोल्या साफ करायच्या नोकरीवर गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती एल्फ्रीडाजवळ आली आणि म्हणाली, "बाई, तिथे एक फॉर्म भरायचाय. 'शिक्षण' म्हणून रकाना आहे. तिथे काय लिहू?"

एल्फ्रीडाने हात पुसले, फॉर्म घेतला आणि तो रकाना वाचला. इयत्तेचा आकडा लिहायला जागा होती, त्यापुढे शाळेचं नाव. "आकडा आठ लिही," ती म्हणाली. "तेवढं तुझं झालंय. मी साक्ष देईन."

"आणि शाळा? पोर्ट लेनार्ड?"

"नको. हॅगडाउन लिही."

"ती तर आता कुठल्या यादीत नाही, बाई."

"माहीत आहे," एल्फ्रीडा म्हणाली. "तरी लिही."

ड्रुसिलाने फॉर्म परत घेतला. मग रकाना तसाच रिकामा ठेवून तिने तो घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला आणि आपल्या जागेवर गेली.